न पाहिलेल्या अंगाचं माप

११ मार्च, सोमवार

व्हर्न,

साडेचार आठवडे तुला काही कळवलं नाही, माफ कर. कामाचा रगाडा होता असं लिहायला बसले होते. ते खरं नाही. तुझं पाकीट आलं त्या दिवसापासून ते माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि तो खण उघडावा लागू नये म्हणून मी ऑफिसात पेनसुद्धा दुसऱ्यांचं मागून वापरते.

पाकिटात चिठ्ठी नव्हती. एकोणसाठ मापकार्डं, आणि त्यांच्यातून आरपार खुपसलेली गादी शिवायची लांब सुई. वर तुझ्या अक्षरात पत्ता: डेनीन मॅब्री, विद्यापीठ. ज्या बहिणीनं मला वाढवलं तिनं मला आडनावानिशी लिहिलं. टॅलमन अ‍ॅव्हेन्यूच्या अलीकडे मी, पलीकडे तू, मध्ये अर्धा मैल, आणि आपल्यात टपाल चालू झालं. फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तर पहिल्या वाक्यालाच मी सारवासारव केली असती, म्हणून कागदच बरा.

घडलं ते तुला माहीत आहे. पण माझ्या तोंडून तू ते ऐकलेलं नाहीस, म्हणून क्रमानं लिहिते. खोटंही मी क्रमानंच बोलले होते.

डिसेंबरात खरेदी विभागानं होकार दिला. यंदा डॉक्टरेट घेणाऱ्या चौसष्ट जणांचे पदवीदानाचे झगे चर्चच्या तळघरात, तुझ्या शिवणखोलीत होणार. नीट आणि वेळेवर झाले, तर पुढच्या वर्षापासून सगळ्या विद्यापीठाचे झगे तुमच्याकडे. सहाजणींना बारा महिने काम, आणखी चार-पाच जणींना शिकून लागायला जागा. ‘शेजार-भागीदारी विभागा’त माझी अकरा वर्षं झाली. हातात धरून दाखवता येईल असं त्यात हे पहिलंच काही होतं.

तुझी अट एकच होती. “ज्याचं अंग पाहिलं नाही त्याचा कपडा मी बेतत नाही.”

मी म्हटलं, “अर्थातच.”

“अर्थातच नको, प्रोफेसर. हो म्हण, नाहीतर नाही म्हण.”

मी शिकवत नाही, तरी चिडवताना तू मला प्रोफेसरच म्हणतेस. मी हो म्हटलं. त्या अटीमागचं कारण मला ठाऊक होतं. सरकारी गणवेशाच्या कारखान्यात तेरा वर्षं तू बत्तीस, चौतीस, छत्तीस अशा आकड्यांच्या विजारी शिवल्यास. कारखाना बंद पडला तेव्हा म्हणालीस, आकडे पुरे झाले, आता माणसं. तेव्हापासून चर्चच्या गायकांपैकी एकाचाही झगा तू त्याला समोर उभं केल्याशिवाय कापलेला नाहीस. ब्रदर अमोसचा डावा खांदा पडलेला आहे हे त्याच्या बायकोच्या आधी तुला कळलं होतं.

जानेवारीतले तीन शनिवार ठरले. विद्यार्थ्यांनी तळघरात येऊन मापं द्यायची. तिन्ही शनिवारी तुम्ही सहाजणी टोप्या घालून बसलात. चर्चला घालायच्या रविवारच्या टोप्या, शनिवारी. तुमच्यातल्या मिस ओडेसांनी पाउंड केक केला, दुसऱ्या खेपेला कोंबडीही तळली. तीन शनिवारांत मिळून पाच जण आले. शेवटच्या दिवशी चार वाजता मिस ओडेसांनी केकवर फॉइल ओढलं आणि म्हणाल्या, “डॉक्टर होणारी माणसं ती. कामं असतात.” तू टेप गुंडाळलास, सोडलास, परत गुंडाळलास.

मंगळवारी मी ती कार्डं घेऊन आले. “मी स्वतः एकेकाला गाठून मापं घेतली,” असं म्हणाले. घेतली नव्हती. झगे भाड्यानं देणाऱ्या जुन्या कंपनीचा एक अर्ज असतो: उंची, वजन, डोक्याचा घेर. त्यावरून, एक छापील तक्ता समोर ठेवून, मी छाती, कंबर, खांदा आणि बाही काढली. दोन वेगवेगळी पेनं वापरली, सगळं एका बैठकीत लिहिलंय असं दिसू नये म्हणून. आज सगळ्यात जास्त लाज मला त्या दुसऱ्या पेनाची वाटते.

मग मारिसेला किरोझ तुझ्याकडे आली, नर्सिंगची, सहा महिन्यांची गरोदर. माप बदलेल हे सांगायला बिचारी आपण होऊन आली. मी तिथं नव्हते, मिस ओडेसांनी सांगितलं तेवढंच मला माहीत. तू कार्ड वाचलंस, तिच्या पोटाकडे पाहिलंस.

“कंबर एकोणतीस?”

“गेल्या उन्हाळ्यात असेल, मॅम.”

“नीननं जानेवारीत माप घेतलंय ना तुझं?”

“नीन कोण?”

तोवर तुझे अकरा झगे बेतून झाले होते. मखमल लावलेली. तू ते टेबलावर पसरून कार्डं शेजारी मांडलीस, आणि एकाच उंचीच्या चौघांच्या बाह्या तंतोतंत सारख्या आहेत हे तुला दिसलं. मिस ओडेसा म्हणतात, तू आवाज चढवला नाहीस. कुलूप लावलंस आणि घरी गेलीस.

क्षमा मागण्याइतकं अजून मी काही केलेलं नाही. एवढंच विचारते: माझ्यावरचा राग माझ्यावर ठेवून खोली उघडशील का?

नीन

१९ मार्च, मंगळवार

व्हर्न,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज पेटी पाहते.

काल मी ग्रँट पेलोकडे गेले. तो खरेदी विभागाचा प्रमुख. माणूस वाईट नाही, आणि अडचण तीच आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं, एकोणसाठ मापं मी खोटी लिहिली.

“म्हणजे मनानं लिहिलीस?”

“नाही. तक्त्यावरून.”

“मग बरोबर आहेत की.”

“ग्रँट, मी मोजलेलं नाही कुणाला.”

“डेनीन, गेली तीस वर्षं इथं कुणीच कुणाला मोजलेलं नाही.” तो खरोखरच गोंधळला होता. “समारंभाला कुणी नागडं आलंय का?”

नोकरी गेली तरी चालेल अशी तयारी करून गेले होते. माझं पाप त्याच्या पुस्तकात पापच नव्हतं. बाहेर येऊन जिन्यावर बसले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, व्हर्न, हेही लिहायला हवं. दोनेक मिनिटं वाटलं. मग तू आठवलीस.

त्यानं एक मात्र स्पष्ट सांगितलं. सोळा एप्रिलला दुपारी बारापर्यंत सगळी मापं पक्की आणि काम चालू झालेलं दिसलं नाही, तर झगे नेहमीच्या कंपनीकडून येतील. “आणि पुढच्या वर्षी हा विषय माझ्याकडे आणू नकोस. मला वर उत्तरं द्यावी लागतात.”

नंतर मी तेच केलं जे जानेवारीत करायला हवं होतं. विद्यार्थ्यांना जाऊन विचारलं, का आला नाहीत? मला वाटत होतं आळस असेल, तोरा असेल. मनातल्या मनात त्यांना मी बरंच काही म्हणून घेतलं होतं. एका मुलीनं उत्तर न देता फोन पुढे केला. विद्यापीठाचा सुरक्षेचा नकाशा असतो, प्रत्येकाच्या फोनवर. हिरवा भाग म्हणजे जिथं विद्यापीठाचा पहारा असतो तो. हिरवा सोडून पाऊल टाकलं की फोन केकाटतो: तुम्ही संरक्षित क्षेत्राबाहेर आहात. “मी निघाले होते,” ती म्हणाली. “टॅलमनच्या मध्यावर फोन ओरडला. आसपासचे लोक बघायला लागले. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी परत फिरले.”

ती हिरवी रेघ टॅलमनवर कुणी आखली, माहीत आहे?

आपल्या चर्चचं कामकाज बघणाऱ्या डीकन लाइल्सची गोष्ट आठव. बर्थाला दुरुस्त करून घेऊन येत होते तेव्हाची. शिवणखोलीचा कापडी पुतळा, मुंडकं नसलेला, चादरीत गुंडाळून खांद्यावर टाकलेला. विद्यापीठाच्या पहारेकऱ्यांनी त्यांना फुटपाथवर चाळीस मिनिटं बसवून ठेवलं. नंतर चर्चमध्ये ते हसत सांगायचे, “प्रेत सापडलं म्हणून पोरं इतकी खूश होती, की चादर काढताना मलाच वाईट वाटलं.” सगळे हसले. तू हसली नाहीस. मला म्हणालीस, “तुझे ते शिपाई आमच्या गल्लीत नकोत, नीन. एवढं एक कर.”

मी केलं. तीन वर्षांपूर्वी सुरक्षा समितीत पहाऱ्याची हद्द टॅलमनच्या पुढे चार चौक होती. मी भांडून ती टॅलमनवर मागे आणली. दोन बैठका, एक निवेदन, खाली माझी सही. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात स्वच्छ दिवस होता असं मी आजवर समजत होते. पहारा मागे घेतला की उरलेल्या जागेला विद्यापीठ काय नाव देईल, हे मी विचारलंच नाही. तिथं पहारा नाही म्हणजे तिथं धोका आहे, असं यंत्रानं आपलं आपण ठरवलं.

ती रेघ मी तुझ्यासाठी मारली होती. हे सबब म्हणून सांगत नाही. पण सबब म्हणूनच वाचलं जाईल, हेही कळतं.

नीन

२ एप्रिल, मंगळवार

व्हर्न,

ईस्टरला मी शेवटच्या बाकावर होते. तू पाहिलंस, आणि मी पाहिलं की तू पाहिलंस. गायकांचे पांढरे झगे नवे होते. हात वर गेले तेव्हा एकाचीही बाही कोपरापर्यंत घसरली नाही. अख्ख्या चर्चमध्ये ते बघणारे आपण दोघीच असू.

मिस ओडेसा माझ्या गाडीपर्यंत आल्या. मी त्यांना विचारून पाहिलं: विद्यार्थी येत नसतील तर तुम्ही विद्यापीठात याल का? एक खोली, एक दिवस, टेबलं मी लावते.

त्यांनी हातमोजे नीट केले. “पोरी, माझी आई त्या इमारतींच्या फरशा पुसायला जायची, मागच्या दारानं. माझी बहीण तिथल्या स्वयंपाकघरात होती, तिलाही मागचंच दार. आम्हाला तिकडचा रस्ता चांगला पाठ आहे. त्यांनी एकदा आमचा जिना उतरावा, एवढंच व्हर्नेलचं म्हणणं. सोळा पायऱ्या आहेत. कठडाही आहे.”

तरी मी खोली मागितली, कारण मला कागद भरल्याशिवाय चैन पडत नाही. बाहेरच्या पुरवठादाराला खोली हवी तर विम्याचं प्रमाणपत्र लागतं. ते हवं तर नोंदणी लागते. नोंदणी करायची तर ‘लघुव्यवसायाची पायाभरणी’ हा सहा आठवड्यांचा वर्ग पुरा केल्याचा दाखला. तो वर्ग कोण चालवतं? आमचाच विभाग. गेल्या वर्षी मीच मिस ओडेसांना त्यात बसवलं होतं. शिकवणारा चोवीस वर्षांचा, गोड मुलगा. त्यानं फळ्यावर लिहिलं, ‘ग्राहक म्हणजे कोण?’ आणि मिस ओडेसांना विचारलं, तुमचा काही अनुभव? त्या म्हणाल्या, “बेटा, बत्तीस वर्षं मी अमेरिकेच्या सैन्याला विजार घातली. नागडं लढायला पाठवलं नाही कुणाला.” दुसऱ्या आठवड्यापासून त्या गेल्या नाहीत. दाखला नाही. म्हणून खोली नाही.

शिकवणं एवढंच आम्हाला येतं, व्हर्न. शेजारी कुणी काम मागितलं की आम्ही त्याला काम कसं मागावं याचा वर्ग देतो. त्यांच्याकडून काही विकत घ्यायचं म्हटलं की आमचे हातपाय गळतात. आणि अहवाल मात्र निघतो. यंदाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर मिस ओडेसांचे हात आहेत, सुईत दोरा ओवताना. फोटो नोव्हेंबरातला. तेव्हा एका झग्याचीही मागणी आलेली नव्हती. फोटोखालचा मजकूर कुणी लिहिला, ते विचारू नकोस.

सुरक्षा समितीकडेही गेले. रेघ बदलायची असेल तर विषय सप्टेंबरच्या बैठकीत घेता येईल म्हणाले. मी म्हटलं, निदान ते केकाटणं बंद करा. म्हणाले, ते विद्यार्थ्यांच्या हिताचं आहे.

आणखी एक सांगायचं राहिलंय. मागच्या पत्रात ते लिहून खोडलं होतं. त्या मुलीनं फोन दाखवला तेव्हा मी माझा काढून पाहिला. माझ्या फोनवरही ते आहे, सगळ्या कर्मचाऱ्यांच्या असतं. आवाज बंद केलेला होता. कधी केला ते आठवत नाही. त्याची गरजही पडली नसणार, कारण मी तुझ्याकडे गाडीनं येते. अर्धा मैल. चर्चच्या दारात गाडी लावते, परत बसते, परत जाते. ज्या रस्त्यावर दोरीच्या उड्या मारल्या, तो चालून मला किती वर्षं झाली, हे मला सांगता आलं नाही. त्या मुलीला मी मनातल्या मनात भित्री म्हटलं होतं.

नीन

८ एप्रिल, सोमवार

व्हर्न,

आज तुझ्यावर चिडून लिहितेय. ते लपवलं तर पुन्हा तेच, दोन पेनं.

शनिवारी मी चालत आले. तळघराला कुलूप. पायऱ्यांवर बसले तर डीकन लाइल्स आले आणि सांगितलं, की लॉरेटाला विमानतळावर सामान चढवण्याचं काम लागलंय आणि ती शिवणखोलीत परत येईलसं वाटत नाही. सहातली एक गेली. मी खोटं बोलले, कबूल. पण त्या कुलपाची शिक्षा मला होत नाहीये. मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. शिक्षा लॉरेटाला होतेय. तू बरोबर आहेस, व्हर्न, तू नेहमीच बरोबर असतेस. मी पंधरा वर्षांची असताना माझ्या फ्रॉकची शिवण तिसऱ्यांदा उसवायला लावलीस तेव्हाही बरोबरच होतीस, मी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायची राहिले ती राहिलेच. तुझं बरोबर असणं इतकं महाग का असतं?

आणि माझ्या पदवीच्या दिवशी? सगळ्यांचे आईबाप फोटो काढत होते आणि तू माझ्या भाड्याच्या झग्याची किनार उलटून बघत होतीस. “शी! चिकटवलंय हे.” त्या दिवशी मला तुझा इतका राग आला होता. आज वाटतं, तिथं खरं काय आहे ते बघणारी तू एकटीच होतीस. पण तेव्हा मला आवडलं असतं, तू माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस तर.

डीकन लाइल्सनी विचारलं, “आता काय करणार, मिस डेनीन?”

मी म्हटलं, “पुढच्या शनिवारी त्यांना चालवत आणणार. मी पुढे, ते मागे.”

“पोरं तुमच्या मागे येतील असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, “बर्थाला घेऊन येतो. तिला तो रस्ता माहीत आहे.”

तेरा तारखेला, अकराच्या सुमारास. दार उघडं ठेवायचं की नाही, ते तुझं तू ठरव. बंद असलं तर मी त्यांना पायऱ्यांवर उभं करीन.

नीन

१४ एप्रिल, रविवार

व्हर्न,

काल सहा तास तुझ्यासमोर उभी होते आणि तरी आज लिहायला बसलेय. काल आपण फक्त आकडे बोललो.

तुला दाराच्या आतलंच माहीत आहे. बाहेरचं मी सांगते.

आठवडाभर मी प्रयोगशाळा, ग्रंथालय, रुग्णालयाचे मजले हिंडले. पत्रक नाही, ईमेल नाही. प्रत्येकाला तेच सांगितलं: ती रेघ मी आखली, ती चुकली, शनिवारी दहाला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर या, मी तुमच्याबरोबर चालते. काहींनी मला नीट ऐकून घेतलं आणि येणार नाही म्हणून सांगितलं. मला ते आवडलं. मारिसेलानं नर्सिंगचे सगळे गोळा केले. तिचा नववा महिना भरत आलाय. मी म्हटलं, तुझं माप तर आधीच झालंय, तू कशाला येतेस? ती तुझ्याबद्दल म्हणाली, “त्या आजीबाई म्हणाल्या होत्या, तुला बाळंतपणानंतरचा बेतते, पण तारीख चुकली तर माझ्याशी गाठ आहे. तारीख पुढे गेलीय. सांगायला नको?”

दहा वाजता नऊ जण होते. सव्वादहाला चौदा. मी पुन्हा मोजले. मग डीकन लाइल्स आले, रविवारचा सूट घालून, काखेत बर्था, आणि बर्थाच्या अंगात तू बेतलेल्या त्या अकरांतला एक झगा. तो त्यांना कुणी दिला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शिवणखोलीच्या किल्ल्या दोनच आहेत, आणि मिस ओडेसा दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय उचलत नाहीत.

निळी मखमल उन्हात आली आणि येणारेजाणारे थांबायला लागले. “हे आमचे झगे?” एकानं विचारलं.

“तुमचा नाही,” डीकन लाइल्स म्हणाले. “हा कुणाचाच नाही. तोच तर घोळ झालाय.”

निघालो तेव्हा मापाचे एक्केचाळीस होते, मारिसेला वेगळी.

टॅलमनच्या मध्यावर सगळे फोन एकदम केकाटले. बेचाळीस खिशांतून. माझाही, मी सकाळी आवाज चालू केला होता. क्षणभर सगळी रांग थबकली, सिग्नल लाल व्हायला आलेला, गाड्या भोंगे वाजवतायत. डीकन लाइल्सनी टोपी काढली. “सरहद्द आली, मंडळी. ज्याच्याकडे पासपोर्ट नाही त्यानं बर्थाचा हात धरावा.” बर्थाला हात नाहीत. आधी मारिसेला हसली, मग बाकीचे, आणि आम्ही पलीकडे होतो.

चर्चच्या कोपऱ्यावरून वळताना मी दाराकडे पाहिलं नाही. पायऱ्या मोजत उतरले. सोळा. सोळाव्या पायरीवर केकचा वास आला.

तू टेबलाशी होतीस, चष्मा डोक्यावर, टेप गळ्यात. माझ्याकडे न पाहता कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्या बाजूला सरकवलास आणि एक पेन. एकच पेन. “लिही,” म्हणालीस. मग, “छाती चाळीस. खांदा अठरा. उजवी बाही तेहतीस. डावी साडेतेहतीस.” सहा तास हेच. लॉरेटा सुट्टी मागून दुपारपासून आली होती, हे मी पाहिलं. मिस ओडेसा प्रत्येकाला खुर्चीवर चढवताना विचारत होत्या, “काय शोधून काढलंत, डॉक्टर?” आणि तो जे काही सांगेल त्यावर, “अरे वा! आता सरळ उभे राहा.” एक उंच मुलगा हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला, मला शेवटचं असं मोजलं होतं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तू म्हणालीस, “दिसतंय. डावीकडे वाकतोस तू. पुस्तकांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत जा.” त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

एकाच उंचीचे ते चौघे आठवतात? तिघे आले होते. तिघांच्या बाह्या तीन तऱ्हेच्या. तू आकडे नेहमीपेक्षा सावकाश सांगितलेस. मी लिहिले.

चार वाजता ग्रँट पेलोचा फोन आला, तोही तू ऐकलास. विद्यार्थ्यांना संरक्षित क्षेत्राबाहेर नेण्याची परवानगी मला कुणी दिली, असं वरून विचारणं आलंय. बुधवारी मला बोलावलंय. ते काय करतील मला माहीत नाही. मी त्याला विचारलं, मंगळवारी बाराची मुदत तीच आहे ना? तो म्हणाला, “तीच आहे. आणि डेनीन... किती आले?” मी सांगितलं. तो “मापाला? चालत?” म्हणाला, आणि फोन ठेवला.

सतरा उरले. सगळे गेल्यावर तू गठ्ठ्यातून त्यांची कोरी कार्डं वेगळी काढलीस. मला वाटलं आता संपलं. तू म्हणशील, येतील तेव्हा बघू, आणि मंगळवार तर तोंडावर आलाय. तू गळ्यातला टेप काढलास. कारखान्यातला, पिवळा, कडेला काळा पडलेला. माझ्या हातात नाही दिलास, कार्डांवर ठेवलास.

“हे सतरा जण जिना उतरायचे नाहीत. तू जा.”

मी टेपला हात लावला नाही. “तू म्हणायचीस, अंग पाहिल्याशिवाय...”

“मी पाहायला हवं असं कधी म्हटलं? कुणीतरी पाहायला हवं.” मग म्हणालीस, “पहिला इंच तुटलाय त्याचा.”

“माहितेय.”

“माहितेय म्हणणारेच चुकतात. दर वेळी एक वजा कर. आणि दोन्ही हात वेगळे मोज. एक मोजून दुसरा तसाच असेल असं धरलंस ना, प्रोफेसर, तर मला कळेल.”

त्या अकरा झग्यांतले दहा तू आणि मिस ओडेसांनी महिनाभर बसून उसवून ठेवलेत, मखमल एका बाजूला, अस्तर एका बाजूला, एक धागा न फाडता. ते मी निघताना कपाटात पाहिलं. कुलूप लावून तू घरी गेली होतीस असं मी दोन महिने समजत होते. बाहेरून कुलूप दिसतं, आत कोण बसलंय ते दिसत नाही. मागच्या पत्रातला तो राग मी परत घेत नाही, पण त्यातलं निम्मं मी न मोजताच लिहिलं होतं.

आज चर्चनंतर सराव केला. माझ्यावरच, आरशासमोर. एक वजा करून. माझा डावा हात पाव इंच लांब आहे. तुला माहीत असणारच.

उद्या: सकाळी आठ, रसायनशास्त्राची इमारत, तिसरा मजला, ओवेन प्रुइट, सतरांतला पहिला. उजवा हात. मग डावा.

नीन